एक खिळा आणि दोन चॅम्पियन

लेथखाली जसा लोखंडाचा कीस साचतो, तसे आमच्या नागापूरच्या वर्कशॉपात किस्से साचले. झाडायला कोणी नाही! आणि निम्मे एकाच वादाचे: बॉक्सिंगचा जगातला चॅम्पियन मोठा कोण, तेव्हाचा की आत्ताचा? एकाहत्तर-बाहत्तर साली या वादानं माझं डोकं पार उठवलं होतं. आता काडी बऱ्याचदा मीच लावायचो, ती गोष्ट वेगळी!

‘तेव्हाचा’ म्हणणारे हवालदार निकम. पलटणीत बॉक्सिंग जिंकून रिटायर झालेले, आता आमच्या गेटवर. हातात कप घेतलेला त्यांचा फोटो कॅन्टीनमधल्या एकुलत्या एका खिळ्यावर. ‘आत्ताचा’ म्हणणारा लेथवरचा रघू.

कॅन्टीनवाले बापू शेवगावकडचे जुने पैलवान. एकदा वैतागून म्हणाले, “त्या दोघा चॅम्पियनांचा खुराक काय हुता?”

दोघांनीही माझ्याकडे बघितलं.

“खुराक ठाऊक न्हाई, आन् तासभर भांडताय व्हय रं?”

*

एकदा मॅनेजरसाहेबांची गाडी गेटबाहेर हॉर्न वाजवतेय आणि हवालदार आत मला डावा ठोसा शिकवतायत!

“गेट उघडा!”

“आधी सांगा साहेब, तेव्हाचा का आत्ताचा?”

“तेव्हाचा हो, तेव्हाचा!” गेट उघडलं.

आत रघू अर्जंट जॉब अडवून उभा. “साहेब, तेव्हाचा म्हनं?”

“आत्ताचा रे बाबा! मशीन चालू कर!”

*

मग पेपरात फोटो आला. रघूचा चॅम्पियन आडवा! रघूनं डबा उघडला नाही. हवालदारांनी सगळ्यांना भेळ वाटली.

बापूंनी पेपर डोळ्यांजवळ धरला. “ह्यो तर पालथा पडलाय. पाठ कुठं टेकली? कुस्ती बरोबरीत!”

“अहो बापू, ही कुस्ती न्हाई!” हवालदार किंचाळले. “पडला, धा मोजले, संपला! पाठ कोन बघतंय?”

अर्धा तास समजावलं. बापू हलेनात. शेवटी रघू बापूंच्या पाया पडला आणि जेवायला बसला.

*

दुसऱ्या दिवशी रघू त्याच्या चॅम्पियनचं कात्रण घेऊन आला. “हवालदार, लई वर्सं झाली. खिळा सोडा आता.”

हवालदारांचा चेहरा उतरला. फोटोतला कप कधीच हरवलेला. उरला होता तो फोटोच.

मी मूर्ख! म्हणालो, “मग खेळा की! जो जिंकेल त्याचा खिळा.”

जेवणाच्या सुट्टीत कॅन्टीनमागच्या मातीत दोघं उभे राहिले. मुठींना टॉवेल गुंडाळलेले. रघूनं हातसुद्धा उचलला नाही. हवालदारांनीच सगळा जोर लावून ठोसा फेकला, रघू बाजूला झाला, आणि हवालदार धाडकन तोंडावर!

पैज माझी, म्हणून मोजायचं मलाच. सात... आठ... रघू पांढराफटक. “आन्ना, मोजू नका ना!”

पण दहा झाले.

हवालदारांनी मातीतून फक्त मान वळवली.

“बापू, माझी पाठ बघा.”

बापूंनी चष्मा लावला, वाकले, आणि खाकी शर्टाची पाठ कॉलरपासून कमरेपर्यंत नीट तपासली.

“सोच्छ हाय.”

रघूनं चॅम्पियनची घडी घातली आणि खिशात ठेवला.