जात्यावरच्या तलंगा

माझ्या थोरल्या भावानं रजेत बांधलेलं खुराडं आष्ट्यातल्या आमच्या गल्लीत सगळ्यात देखणं होतं, हे मी आजही कुणाशीही पैज लावून सांगीन. लढाई संपली आणि दादा पलटणीतनं रजेवर घरी आला. जुन्या खुराड्याखालनं मुंगसानं बीळ पाडून आईच्या सगळ्या कोंबड्या नेल्या होत्या, ते त्याला आल्या आल्या कळलं. दुसऱ्या दिवशी दादा स्वतःच फळ्या तासायला बसला. चार पायांवर उंच खुराडं, वर पत्रा, आत बसायला आडवा दांडा, दाराला कडी. वरनं आतबाहेर चुना फासला, बराकीला फासतात तसा. आई लांबनंच म्हणाली, "ह्यात तुझा सायब ऱ्हाईल, कोंबडं कशाला जातंय."

तलंगा दिल्या आटपाडीच्या आत्यानं. तलंगा म्हणजे अजून अंडी न देणाऱ्या कोवळ्या कोंबड्या, अंगानं भरलेल्या आणि अकलेनं रिकाम्या. डालग्यात घालून, सर्व्हिस मोटारीच्या टपावर ठेवून मीच त्या आणल्या. कंडक्टरनं डालग्याचं भाडं मागितलं तेव्हा मी कोंबडीच्याच आवाजात त्याच्याशी घासाघीस केली आणि अख्खी मोटार हसली. नकला करायची मला लहानपणापास्नं खोड. गणिताचे मास्तर वर्गात यायच्या आधी त्यांचा खोकला वर्गात यायचा, तो माझ्या घशातनं. त्यापायी छड्या लय खाल्ल्या. आईचं एकच म्हणणं, "ह्या असल्या आवाजांनी भाकरी मिळत न्हाई."

तलंगा आल्या, सोडल्या आणि दिवस मावळायला सगळ्या परसातल्या शेवग्यावर चढल्या. दादानं फौजी हिंदीत हुकूम दिले. एकीनंही ऐकलं नाही. शेवटी तो शिडी लावून वर गेला आणि एकेकीला काखेत मारून खाली आणली. त्याच्या टोपीवर जे पडायचं ते पडलं.

मग आईनं तिचा उपाय काढला. आमच्याकडं नवं कोंबडं घरात आलं की त्याला जात्याभोवती तीनदा फिरवतात, म्हणजे ते घर सोडून कुठं जात नाही. ते करायचं गडबडीत राहून गेलं होतं. आईनं सकाळी सकाळी एकेक तलंग जात्याभोवती फिरवली आणि प्रत्येकीच्या कानात सांगितलं, "ह्ये तुजं घर." कोंबडीला कान कुठं असतो ते मला त्या दिवशी कळलं.

संध्याकाळी त्या शेवग्याकडं गेल्या नाहीत. खुराड्याकडंही गेल्या नाहीत. एकामागनं एक उंबरा ओलांडून सरळ आत शिरल्या आणि जात्यावर जाऊन बसल्या. एक खुंट्याच्या टोकावर तोल सांभाळत बसली. खाली सुपात दळणाचं पीठ होतं. त्याचं काय झालं ते सांगत नाही.

दादा भिंतीला टेकून हसत राहिला. "आई, तू सांगितलंस त्ये त्यांनी ऐकलं, आता बोलायचं न्हाई."

आई मात्र हसली नाही. तिनं पीठ बाहेर नेऊन टाकलं आणि परत येऊन निवाड्यासारखं सांगितलं. चार दिवसांनी आत्या बाजाराला येणार होती. तवर तलंगा आपल्या पायानं खुराड्यात गेल्या तर राहतील, नाहीतर आत्याच्या डालग्यातनं परत आटपाडीला. "तू गेल्यावर ह्यांच्यामागं झाडावर कोण चढंल?" तिनं दादाला विचारलं.

दादाची रजा आत्या येणार त्याच्या दुसऱ्याच दिवशी संपत होती. रिकामं खुराडं मागं ठेवून जाणं त्याच्या जिवावर आलं होतं, ते मला दिसत होतं. आईच्या परसात परत कोंबड्या दिसाव्यात म्हणून तर त्यानं निम्मी रजा त्या फळ्यांत घातली होती.

आम्ही तलंगांना खुराड्यातच कोंडलं. कण्या आत, पाणी आत. मी फटीतनं बघितलं तर त्या पांढऱ्याफेक चुन्यापास्नं लांब, कोपऱ्यात एकमेकीच्या अंगावर बसलेल्या. मी आतनं गोणपाट टांगलं. एवढ्या मेहनतीचा चुना झाकला म्हणून दादा फुगला, पण अंधार पडताच तलंगा दांड्यावर चढून बसल्या, तेव्हा त्यानं दुसरं गोणपाट स्वतः आणून दिलं.

आत्या आली त्या दिवशी त्यांना बाहेर काढलं. आत्या परसाच्या कट्ट्यावर च्या पीत बसली, शेजारी रिकामं डालगं. आईनं घराचं दार लावून घेतलं होतं. ऊन उतरलं तशा तलंगा गोळा झाल्या, खुराड्यापर्यंत गेल्या, उघड्या दारातनं आत बघितलं आणि माना शेवग्याकडं वळवल्या. दादानं हात पसरून वाट अडवली, तशा त्या जास्तच बिथरल्या.

तेव्हा मला त्यांची आई आठवली, आत्याची जुनी खुडूक कोंबडी. सुट्टीत आटपाडीला मी तिच्या मागं मागं फिरायचो. अंड्यांवर बसून बसून तिचा आवाज फाटला होता. सांज झाली की पिल्लांना पंखाखाली घ्यायला ती घशातल्या घशात हळू घुरघुरायची, मधेच दोनदा तुटक बोलायची. मी दादाला बाजूला व्हायला सांगितलं, खुराड्यामागं उकिडवा बसलो आणि फळीला तोंड लावून तिचा आवाज काढला.

पहिल्यांदा काहीच झालं नाही. मी आवाज आणखी फाडला. तशी पुढची तलंग थबकली, मान वाकडी करून ऐकलं आणि टुणकन उडी मारून आत. मागनं बाकीच्या, धक्काबुक्की करत. शेवटची आमच्या लावलेल्या दारापाशी जात्याची आठवण काढत उभी होती, ती पळतच आली. दादानं कडी घातली.

आत्यानं बशी खाली ठेवली आणि कट्ट्याखाली वाकून बघायला लागली. "आगं, आमची खुडूक हितं कवा आली?"

मी खुराड्यामागनं उठलो तेव्हा दादानं मला उचलूनच घेतलं, मिशी फुटलेल्या पोराला. रिकामं डालगं आत्यानं रिकामंच नेलं.

सकाळी मोटार स्टँडवर दादा दिसेल त्याला सांगत होता, "ह्यो माजा धाकटा. आमच्या पलटणीत असा बिगूलवाला न्हाई." मोटार हलली तशी मी तीच हाक दिली. तिथं एक बाई कोंबड्या घेऊन बाजाराला निघाली होती, तिच्या डालग्यातनं सगळ्या माना वर आल्या. दादानं खिडकीतनं मला कडक सलाम ठोकला, साहेबाला ठोकतात तसा.

पुढं रोज संध्याकाळी आईच मला परसात धाडायची. पहिलं अंडं आलं ते तिनं तव्यावर परतून माझ्या ताटात भाकरीशी खायला वाढलं.

"भाकरी न्हाई मिळाली तुझ्या आवाजानं," ती म्हणाली, "पर कोरड्यास मिळालं. खा."