घासलेले दगड

समुद्रातल्या ओल्या दगडांना एक वास असतो. खारट, हिरवट, किंचित लोखंडासारखा. लालबागच्या आमच्या दोन खोल्यांत तो सात वर्षं नांदला, कारण यांनी, म्हणजे माझ्या नवऱ्याने, बाहेरच्या खोलीत काचेच्या टाकीत समुद्रच पाळला होता: प्रवाळ, मासे आणि त्यांना आधार देणारे खडबडीत दगड. रोज सकाळी क्षार मोजायचे, उष्णता बघायची, आणि उडून गेलं असेल तेवढंच गोडं पाणी थेंबाथेंबाने घालायचं. मी केलेला चहा मात्र एका घोटात! सवतीचे इतके लाड कुणी करतं का?

एका भाद्रपदात आठ दिवस गावी जाताना हे बजावून गेले, "अगं, फक्त गोडं पाणी घाल. बाकी कशाला हात लावू नकोस." पण गणपती यायचे म्हणजे घर लखलखीत नको? माळे झाडले, डबे घासले, देवाची भांडी चिंचेने उजळली. आणि मग त्या विदुषीची, म्हणजे माझीच, दृष्टी दगडांवरच्या जांभळ्या-तपकिरी थरावर गेली. पाहुणे काय म्हणतील! एकेक दगड मोरीत नेऊन, नळाखाली धरून, काथ्याने पांढरा होईस्तोवर घासला. कंबर मोडली, पण अभिमान केवढा!

तिसऱ्या दिवशी पाणी दुधाळ झालं. प्रवाळांनी अंग चोरलं. मासे वर येऊन तोंडं उघडत राहिले आणि एकेक करून निपचित झाले. हे परतले, काचेपाशी वाकून म्हणाले, "तो मळ नव्हता गं. त्या थरातले जीवच पाणी निर्मळ ठेवत होते." एवढंच. स्वच्छ आणि निर्मळ यांत किती अंतर असतं, हे मला मोरीत कोण सांगणार होतं?

मखराशेजारची रिकामी टाकी पाहून नणंदेने विचारलं, "दादा, हे काय रे झालं?" तर हे हसून म्हणाले, "मीच हिला नीट सांगितलं नाही." आणि मी? मोदकांचं ताट पुढे केलं!

हल्ली यांना सकाळचं दुपारी आठवत नाही. परवा धीर करून म्हटलं, "अहो, चूक माझीच होती. तुम्ही बजावलं होतंत." एकाग्र होऊन ऐकलं सगळं. मग कुतूहलाने विचारलं, "आपल्याकडे मासे होते? कुठल्या रंगाचे गं?"

दगडांचा एकेक खाचखळगा माझ्या हातांना आठवत होता. मासे मात्र... त्या काचेकडे सात वर्षांत मी मत्सरापायी एकदाही धड पाहिलंच नव्हतं.