रीळ खात्याची मुकादम, आमची आक्का

आमच्या आक्काला तिच्याच खात्यातून काढून टाकलं होतं.

घरात ही गोष्ट कुणी लपवून ठेवली नाही. उलट लग्नाकार्यात चार माणसं जमली की हमखास निघायची.

आज आक्काचा स्मृतिदिन. म्हणून इथे लिहितेय.

आक्का म्हणजे माझ्या आजोबांची थोरली बहीण, अनसूया. तरुणपणीच विधवा झाली. सोलापुरात शुक्रवार पेठेत भावाजवळ राहायची आणि तिथल्याच एका मिलमध्ये कामाला जायची. १९३०च्या आसपासचा काळ.

रीळ खातं म्हणजे जिथे सुताच्या लडी गुंडाळतात ते खातं. सगळ्या बायकाच. कुणी तेलुगू, कुणी कानडी, कुणी मुसलमान, कुणी आमच्यासारख्या मराठी.

आक्का त्यांची मुकादम.

मी स्वतः आयुष्यभर कंपन्यांना मॅनेजमेंट शिकवलं. कन्सल्टंट म्हणून भरपूर हिंडले. पण मला विचाराल तर टीम कशी असते ते मी आक्काकडून ऐकलं. तिच्याच तोंडून, तिच्या शेजारी बसून शेंगा सोलताना.

झालं असं.

खात्यात नवे साहेब आले. जास्त माल निघावा म्हणून त्यांनी आहे त्याच जागेत आणखी मशीनं बसवली. मधली वाट इतकी अरुंद झाली की बाई वळली तरी पदर पट्ट्याला लागायचा. वर फिरणाऱ्या दांड्यावरून मशीनपर्यंत उतरणारे ते चामड्याचे पट्टे, उघडेच.

आक्कानं दोनदा सांगितलं. साहेब म्हणाले, "बघू."

मग एक दिवस खात्यातल्या लक्ष्मम्माचा पदर पट्ट्यात अडकला.

त्याच्याबरोबर हातही ओढला गेला. आक्कानं तिला कंबरेला धरून मागं खेचलं, शेजारच्या मशीनवरच्या रबियानं कात्रीनं पदर कापला. जीव वाचला. हात मोडला.

लक्ष्मम्माला दवाखान्यात नेलं. फरशीवरचं रक्त पुसलं.

आणि साहेब आले. "चला, झालं ते झालं. सुरू करा."

आक्का म्हणाली, "न्हाय साहेब. मशीनं मागं सरकवा. पट्ट्यांना जाळी लावा. मग सुरू."

"इथली मुकादम आहेस, मालकीण नाहीस तू!"

"मुकादम हाय म्हनूनच सांगतीय की."

साहेब भडकले. सगळ्यांसमोर म्हणाले, "तू आजपासून कामावर नाहीस. जा." आणि रबियाकडे बोट केलं. "ही नवी मुकादम. हं, खातं चालू कर."

रबिया आक्कापेक्षा लहान. घरात कमावणारी ती एकटीच. आक्का सांगायची, "म्हनलं, हिनं चालू केलं तरी मी हिला बोल लावनार न्हाय."

रबियानं कात्री खाली ठेवली. पदर खोचला.

"मैं मुकादम हुई ना, साहेब? तो मेरा पैला हुकूम सुनो. खाता बंद."

साहेबांनी तिलाही काढलं. शांतव्वाला मुकादम केलं. ती अक्कलकोटकडची.

शांतव्वा म्हणाली, "बंद माडरी, साहेब." बंद करा.

मग चौथी. मग पाचवी.

गोष्ट सांगताना आक्का इथे आली की खो खो हसायची. "सायबाच्या बाया संपल्या की गं!"

आम्ही पण हसायचो. पण मोठी झाल्यावर मला प्रश्न पडला. एवढ्या बायकांमध्ये एकही कशी फुटली नाही?

तिला विचारलं. तिला त्यात विशेष काही वाटलंच नव्हतं.

म्हणाली, "म्या आदीपासून एकेक दिस एकेकीला मुकादम करायची. ती हुकूम सोडायची, मी तिच्या जागी रिळावर बसायची. लई हसायच्या, आज कोन राणी म्हनून. पन खातं संबाळायला काय लागतं ते समद्यांस्नी कळलं हुतं."

आज याला आम्ही सक्सेशन प्लॅनिंग म्हणतो आणि दोन दिवसांचं वर्कशॉप घेतो.

शेवटी मोठे मॅनेजर स्वतः खाली आले. अरुंद वाट बघितली. मशीनं सरकली, जाळ्या बसल्या. बायकांना परत घेतलं. रबिया मुकादम झाली.

आक्काला मात्र घेतलं नाही. कुणाला तरी शिक्षा झालेली दिसायला हवी होती.

बायका पुन्हा काम बंद करायला निघाल्या. आक्कानंच त्यांना थांबवलं. "जाळी बसली नव्हं? जावा आता. घरी पोरं हायती."

एका कंपनीत मी ही गोष्ट सांगितली तेव्हा त्यांचे डायरेक्टर म्हणाले, "म्हणजे ती जिंकली."

मी म्हटलं, "हो. जिंकली. आणि कितीतरी महिने सकाळी मिलचा भोंगा झाला की उठून वेणीफणी करायची आणि मग तशीच उंबऱ्यावर बसून राहायची."

लीडरशिपच्या गोष्टीत हा भाग सांगितलाच पाहिजे, असं माझं ठाम मत आहे.

पुढे ती एका हातमागाच्या कारखान्यात कांड्या भरायला, म्हणजे धोट्यातल्या नळ्यांवर सूत गुंडाळायला, लागली. तिथेही थोड्या दिवसांत बायका तिलाच विचारून सगळं करायला लागल्या. ते एक असो.

आक्का गेली तेव्हा मी सोलापुरातच होते. घरात नुसता गोंधळ. कुणाला काही सुचेना.

तेवढ्यात टांगा थांबला आणि रबियाबी उतरल्या. पांढरे केस, हातात काठी.

दारातूनच सुरू. "तू चाय रख. तू वो चटई इधर डाल. अगं, त्या म्हाताऱ्या माणसाला आधी खुर्ची दे की!"

आमच्या घरातल्या माणसांनी मुकाट्यानं ऐकलं.

सगळं मार्गी लागल्यावर त्या आक्काच्या पायाशी बसल्या. तिच्या पावलांवर हात ठेवला, आणि मग मोठ्यांदा रडल्या.

आक्का, तुला मनापासून नमस्कार.