तांड्यावर क्लिक केलं की गावच उघडायचं

"पोरी, तुझ्या वेबसाइटनं आमाला मंगळवारी शेतात बसवलं! सकाळपासून फावडं घेऊन बसलो, पाण्याची चारी कोरडीठाक!"

आमच्या तांड्यावरचे हरी काका फोनवर ओरडून राहिले होते.

मी हिंगोलीत वेबसाइटी बनवते. ही साइट सिद्धेश्वरच्या कालव्यावरच्या एका पाणी वापर संस्थेची. त्यात नकाशा. आपल्या गावावर बोट ठेवलं की पाणी कोणत्या दिवशी येणार ते उघडतं. याला इमेज मॅप म्हणतात. चित्र एकच, पण त्यावर न दिसणाऱ्या रेघांनी तुकडे पाडायचे आन् प्रत्येकाला वेगळी लिंक द्यायची.

मी तांड्यावर क्लिक केलं. उघडलं गावाचं पान. मंगळवार! तांडा तर चारीच्या शेवटी, त्याचा दिवस शुक्रवार. शुक्रवारी शेतात कोणी नसलं तर गहू पाण्याच्या पुढच्या पाळीपर्यंत वाळणार.

चूक सांगायला संस्थेच्या सचिवांना फोन लावला. ते म्हणाले, "तांडा काढून टाक ना नकाशातून. गावातच तर येतो तो."

"न्हाई काढणार."

"वेबसाइट कोणाची आहे?"

"तुमची. पाणी त्यांचं बी आहे."

फोन कट. त्यांनी केला का मी, आठवत न्हाई!

मग बसले शोधत. लिंक बराबर. तांड्याच्या रेघा बराबर. तरी उघडून राहिलं गावच! दोन तासांनी टाळक्यात उजेड पडला. तांड्याचा तुकडा गावाच्या तुकड्याच्या पोटात होता. दोन तुकडे एकावर एक आले की ब्राउझर कोडमधल्या यादीत आधी लिहिलेल्याचंच ऐकतो. आन् मी लिहिलं होतं आधी गाव, खाली तांडा. शाळेच्या दाखल्यापासून आमी आधी गावाचंच नाव लिहितो, मग तांड्याचं. मी स्वतः तांड्यावरची, तरी माझ्याच हातानं तांडा खाली गेला!

एक ओळ उचलली, वर टाकली. झालं. काकांना फोन केला, त्यांनी तांडाभर सांगितलं.

शुक्रवारी काकांचा व्हिडिओ आला. पाणी गव्हात शिरून राहिलं होतं, काका गुडघाभर चिखलात.

सोमवारी मी केलेला बदल दाखवला, तवा सचिवांनी यादी पाहिली. "तांडा गावाच्या वर काहून?"

"तसंच चालतं ते, सर."

आता प्रत्येक नकाशात मी लहान वस्ती आधी लिहिते, मोठं गाव नंतर. यादी उलटी दिसते म्हणतात. दिसू द्या.