पुडी मागणारी बाई

गोंदिया जिल्ह्यातल्या गोरेगावहून गोंदियाला निघालेल्या एसटीत माझ्या पुढच्या सीटवरचा तिशीतला माणूस एकाएकी ताठ झाला आणि त्याला झटके येऊ लागले. पलीकडची मासे विकणारी बाई उठली. तिने त्याला कुशीवर वळवलं, पदराने तोंडाचा फेस पुसला, त्याच्या कपड्यांचा धुरकट वास घेतला आणि शेजारी बसलेल्या त्याच्या मित्राकडे पाहिलं.

"काय ओढला यानं?"

मित्राने खिसा घट्ट दाबला. "हर्बल पुडी हाये मावशी, गांजा नाही. दुकानदार म्हणे, याच्यावर बंदी नाही."

"मंग लपवून कायले राहिला?" तिने हात पुढे केला. "माह्या भावाच्या वेळेस कोणी तोंडच उघडलं नाही. यानं काय घेतलं, डाक्टर इचारतच राहिला, अन् भाऊ गेला."

मित्राने पुडी दिली. ड्रायव्हरने बस थेट दवाखान्यात नेली. बाईने दिलेल्या पुडीतला सुका पाला डॉक्टरांनी चुरगळला. "यावर रसायन फवारलेलं दिसतं. गांजापेक्षा घातक, हृदयही बंद पडतं. असल्या बऱ्याच रसायनांवर बंदी आहे."

दुपारी तो माणूस शुद्धीवर आला. मित्र मात्र व्हरांड्यात, डॉक्टरांनी बोलावलेल्या पोलिसांची वाट पाहत उकिडवा बसला होता. बाई त्याच्याजवळ फरशीवर बसली.

"जे झालं ते सांग," ती म्हणाली. "मी बसून आहो इथं."