मिल्काबाईंचा मलिदा

पनवेलच्या बी.एड. कॉलेजात आम्हाला मिल्का आपटेकर शिकवायच्या. त्या बेने इस्रायली, म्हणजे कोकणातल्या मराठी ज्यू. नव्वदच्या सुमारास त्यांचे बरेच नातलग इस्रायलला गेलेले, त्यामुळे भेटेल तो विचारायचा, "बाई, तुम्ही कधी जाणार?" बाई भडकायच्या. "पणजोबांच्याही कितीतरी आधीपासून इथे आहोत, आणि हे मला निघायची वेळ विचारतात!"

एका सकाळी त्यांनी वर्गात डबा उघडला. गूळ-खोबऱ्यात कालवलेले पोहे, वर केळ्याच्या फोडी.

"हा मलिदा. नवस फेडला की आम्ही करतो. खा आणि विचारा. आज गुण प्रश्नांना, उत्तरांना नाहीत."

मग काय, आम्ही सुटलोच. नवस कुणाला बोलता? "एलियाहू नबीला, आमच्या प्रेषिताला." पोहेच का? शनिवार तुमचा विसाव्याचा वार, चूल पेटवत नाही, तर जेवता काय? "शुक्रवारीच रांधून ठेवतो," बाई खुशीत सांगत होत्या.

मधेच त्या थांबल्या. "बरं, गोरखच्या घरी नवस कसा फेडतात?"

गोरख हिलम पळस्प्याजवळच्या कातकरवाडीतला, आदिवासी. जूनपासून आमच्यातच बसायचा. पण हे त्याला कुणी कधी विचारलंच नव्हतं.

"उद्या चाळीस घरची पोरं शिकवणार तुम्ही," बाई कडाडल्या, "आणि शेजारचं एक घर माहीत नाही?"

शेवटी पुढच्या बाकावरची मनीषा त्याच्याकडे वळली. "गोरख, तुमच्याकडे काय करतात रे?"

गोरख हसला. "सांगतो की. बरं वाटलं विचारलंस ते. नायतर मला सगळे एकच विचारतात, 'तू इथे कसा?'"