मातामायचा पंखा

यवतमाळला राळेगावच्या एस.टी.त चढलो तर कंडक्टर म्हणाला, "सरका न बाप्पा थोडं." आमच्या साताऱ्यात बाप्पा म्हणजे गणपती. तीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं, देवळाची पायरी कधी चढलो नाही, आणि इथे उतरेपर्यंत चौघांनी मला बाप्पा करून टाकलं. इकडे कुणालाही बाप्पा म्हणतात हे कळेपर्यंत मी उगाच ऐटीत बसलो होतो.

फाट्यावर देविदास मोटारसायकल घेऊन उभा होता. बी.एड.ला आम्ही एका खोलीत राहायचो; पुढे तो शेतीत रमला. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पऱ्हाटी (कपाशी), मधून तुरीच्या ओळी. उकाडा असा की बोलायचाही कंटाळा यावा.

जेवायला पातोडीचा रस्सा (बेसनाच्या वड्यांचा) होता, जिभेला चटका देणारा. वहिनींनी विचारलं, "सांबार टाकू?" मी मोठी वाटी पुढे केली. तीत चिमूटभर कोथिंबीर पडली. इकडे कोथिंबिरीलाच सांबार म्हणतात. सगळे हसले, देविदासची मुलगी वैशाली सोडून.

तिला नागपूरला नर्सिंगला प्रवेश मिळाला होता आणि उद्या शेवटचा दिवस होता. पण मातामाय (गावदेवी) नको म्हणत होती. मूर्तीच्या दोन्ही खांद्यांवर ओली फुलं चिकटवायची. उजवं आधी पडलं तर हो, डावं पडलं तर नाही.

"दोन खेपा डावंच पडलं," देविदास म्हणाला. "माय नाई म्हनते तं पोट्टीले कसं धाडू?"

"अरे, फूल आहे ते. पडणारच."

"तुझं विज्ञान तुझ्यापाशी ठेव."

मला रागही आला आणि पोरीचं तोंड बघून वाईटही वाटलं.

दुपारी तिसरा, शेवटचा कौल होता. गेलो मीही. मूर्तीच्या डाव्या हाताला स्टुलावर टेबल फॅन घरघरत होता. पुजारी महाराजही त्याच बाजूला वाऱ्याला बसले होते.

"हा पंखा कधी आला?" मी विचारलं.

"पाडव्याले कोनीतरी देल्ला."

"त्यानंतर कुणाला हो आलं?"

महाराज आठवू लागले. "कोनालेच नाई. दोन लग्नं थांबले, एक बोअर थांबली. माय कोपली म्हून अभिषेकबी केला."

मी तिथेच तास घेतला. वाऱ्याची दिशा, बाष्पीभवन, झाडून सगळं सांगितलं. सगळ्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग एक म्हातारा म्हणाला, "पन पंखा तं मायसाठीच हाये न बाप्पा. तिले गरमी होते." पंखा बंद करायला कोणी तयार होईना.

तेवढ्यात वैशाली पुढे आली. "मंग मायलेच विचारा न. पंखा पायजे का नको?"

यात कुणालाच काही वावगं दिसेना. महाराजांनी फुलं लावली. पंखा चालूच. थोड्याच वेळात डावं फूल उडून माझ्या पायाशी येऊन पडलं.

"नाई म्हनते," महाराज पुटपुटले आणि स्वतःच्या हातांनी त्यांनी पंख्याची पिन काढली. लगेच कपाळाचा घामही पुसला. "चाला, आता पोट्टीचा कौल लावू."

वैशालीने दोन्ही फुलं मुठीत धरली. "नाई. इतके दिवस पंख्याचं आयकलं तुमी. आता फुलाचं कायले आयकता? माहं आयका न, बाबा."

देविदासने माझ्याकडे पाहिलं. मी वैशालीकडे बोट दाखवलं.

"जाशीन?" त्याने तिला विचारलं.

"जाईन न."

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एस.टी.त ती माझ्या शेजारी बसली होती. तीस वर्षं मी पोरांना माझे नियम समजावत आलो. समोरच्याचाच नियम धरून त्याला प्रश्न विचारावा हे काही मला सुचलं नव्हतं. थोडी लाज वाटली, आनंद मात्र फार झाला.

"डावंच पडणार हे तुला माहीत होतं?"

"मंग काय, काका. दोन्ही खेपा मी तेतीच बसून होती न."

तिच्या मांडीवर चादरीत बांधलेलं मोठं गाठोडं होतं. हे काय म्हणून विचारलं.

"मायचा पंखा. महाराज म्हनले, मायले नको तं तू ने, होस्टेलात लय गरमी राह्यते." तिने गाठ नीट आवळली. "आन् तेती कोनी कौल लावतो म्हनलं, तं कामी येईन."